हेडफोनच्या पिनेवरच्या तीन काळ्या रेघा आणि माझा वाया गेलेला पावसाळा

आज थोडा इतिहास सांगणार आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. मोबाइलला हेडफोन लावतो त्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचा. "यात कसला आलाय इतिहास?" असं वाटत असेल तर आधी माझी फजिती ऐका.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी आंबोलीला बेडकांचे आवाज रेकॉर्ड करायला गेले होते. बेडकांचं काम करणाऱ्याला पहिल्या पावसाचे दिवस म्हणजे सुगी. ते दिवस हुकले की सरळ वर्षभर थांबायचं. चांगला फील्ड रेकॉर्डर विकत घ्यायला पैसे नव्हते. मग जुना स्मार्टफोन रेकॉर्डर म्हणून वापरायचा ठरवला. बाहेर तिकाटण्यावर मायक्रोफोन, त्याला बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँप, आणि प्रीअँपची वायर फोनच्या हेडफोनच्या भोकात. पुण्यात तपकीर गल्लीतून चार भागांचा प्लग आणला, स्वतः सोल्डर केला, मल्टिमीटरने दोनदा तपासला. फोन प्लास्टिकच्या डब्यात बंद करून झाडाखाली ठेवला. अकरा रात्री रेकॉर्डिंग केलं.

परत येऊन फाइल्स ऐकल्या. बेडूक ऐकू येत होते, म्हणून मी खूश. मग लक्षात आलं की प्रत्येक फाइलमध्ये एक टकटक आहे. बेडकांपेक्षा मोठी. ती डब्याच्या झाकणावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांची होती. म्हणजे आवाज बाहेरच्या मायक्रोफोनमधून आलाच नव्हता. फोनने माझी वायर ओळखलीच नाही. त्याने गुपचूप स्वतःचा, डब्यात बंद असलेला मायक्रोफोन वापरला. कुठेही एररचा मेसेज नाही, लाल दिवा नाही. अकरा रात्रींचा डेटा कामातून गेला.

गाइडनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अगं, ते भोक मुळात कशासाठी केलेलं आहे, हे पाहिलं होतंस का?" पाहिलं नव्हतं. कुठली तार कुठे जोडायची याची आकृती पाहिली होती, बास. पुढचे दोन महिने मी त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधत होते. तेच आता तुमच्यासमोर मांडते. तुमचं उपकरण वेगळं असेल, पण चूक याच जातीची होऊ शकते.

टेलिफोन एक्स्चेंजमधली सुरुवात

घरातला कुठलाही हेडफोन हातात घ्या आणि त्याची पिन नीट बघा. धातूच्या दांडीवर काळ्या रेघा दिसतील. त्या प्लास्टिकच्या आहेत, दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवतात. दोन रेघा असतील तर धातूचे तीन भाग, तीन रेघा असतील तर चार भाग. टोकाच्या भागाला टिप म्हणतात, मधल्यांना रिंग आणि मुळाशी असलेल्या लांब भागाला स्लीव्ह. टोक, कडं आणि बाही. चार भागांच्या प्लगला टिप-रिंग-रिंग-स्लीव्ह या शब्दांच्या आद्याक्षरांवरून टीआरआरएस म्हणतात.

ही नावं संगीताच्या दुनियेतली नाहीत, टेलिफोन एक्स्चेंजमधली आहेत. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात जॉर्ज कॉय याने पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. ग्राहक होते २१. एकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडायची तर माणसाने ती हाताने जोडायची. त्याच वर्षी चार्ल्स स्क्रिब्नर याने या कामासाठी स्प्रिंगच्या पट्टीचा एक स्विच पेटंटसाठी दाखल केला. प्लग आत गेला की पट्टी बाजूला ढकलली जायची. जुनी जोडणी तुटायची आणि नवी व्हायची. तो दिसायला खिशातल्या घडीच्या चाकूसारखा, म्हणजे जॅक-नाइफसारखा होता. आपण आज ज्या भोकाला 'जॅक' म्हणतो, ते नाव यावरून पडलं असं सांगतात.

पुढे एक्स्चेंजमध्ये पाव इंचाचा, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटरचा प्लग रुळला. टिप आणि रिंग या दोन भागांतून बोलणं जायचं. स्लीव्हचा उपयोग लाइन व्यस्त आहे की मोकळी हे तपासायला व्हायचा. गिटार, मिक्सर आणि स्टुडिओच्या हेडफोनला आजही हाच आकार आहे. म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमात वादक जो प्लग खुपसतो, तो एकेकाळी ऑपरेटरच्या हातात होता.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा: जॅक हा पहिल्यापासून स्विच आहे. प्लग आत गेला की आत काहीतरी बदलतं. माझ्या फोनमध्ये हेच घडायला हवं होतं आणि घडलं नाही.

एकच प्लग, बदलते अर्थ

ट्रान्झिस्टर रेडिओ खिशात मावू लागला तसा प्लगही लहान झाला, साडेतीन मिलिमीटरचा. कानात एकच बोंडूक असायचं, म्हणून दोनच भाग पुरे: टोकाला आवाज, बाहीला ग्राउंड. स्टिरिओ आल्यावर तीन भाग लागले. टोक डाव्या कानाला, कडं उजव्याला, आणि बाही दोघांची सामाईक परतीची वाट. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला आणि हा छोटा प्लग जगभर पोचला. त्या पहिल्या मॉडेलला दोघांनी मिळून ऐकायला दोन जॅक होते.

आता गंमत बघा. एक्स्चेंजमध्ये टिप आणि रिंग मिळून एकच बोलणं नेत होत्या. वॉकमनमध्ये त्याच दोन भागांतून दोन वेगळे आवाज जाऊ लागले. स्टुडिओत तीन भागांचा प्लग आजही बहुतेक वेळा पहिल्या पद्धतीने, म्हणजे एकाच सिग्नलच्या दोन उलटसुलट प्रती नेण्यासाठी वापरतात. त्याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. प्लग तोच, भोक तेच, अर्थ वेगळा. प्लग बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असं मानायचं नाही हे पहिलं सूत्र. प्लग बसणं हे फक्त यांत्रिक सत्य आहे.

मोबाइल आला आणि दोन तट पडले

सुरुवातीच्या मोबाइल कंपन्यांना हा सार्वजनिक प्लग नकोच होता. प्रत्येकीचा आपापला कनेक्टर. नोकियाचा पॉप-पोर्ट ज्यांना आठवतो, त्यांना दुसऱ्या कंपनीचा हेडफोन न लागण्याचा वैतागही आठवत असेल. २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनलाही साडेतीन मिलिमीटरचं भोक नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, पहिला आयफोन मात्र ते घेऊन आला. पण भोक इतकं आत बसवलेलं होतं की जाड प्लास्टिकचे प्लग आत जायचे नाहीत.

फोनला मायक्रोफोनही लागतो, म्हणून चौथा भाग आला. टोक डावा आवाज, पहिलं कडं उजवा आवाज, यावर सगळ्यांचं एकमत. उरले दोन: दुसरं कडं आणि बाही. यातलं ग्राउंड कोण आणि मायक्रोफोन कोण? इथे दोन तट पडले.

एका बाजूला ओएमटीपी, म्हणजे मोबाइल कंपन्यांचं 'ओपन मोबाइल टर्मिनल प्लॅटफॉर्म' हे व्यासपीठ. त्यांनी जुनी परंपरा पाळली: बाही ग्राउंड, दुसरं कडं मायक्रोफोन. जुने नोकिया आणि सोनी एरिक्सन या गटात होते. दुसऱ्या बाजूला अ‍ॅपल, एचटीसी वगैरे: दुसरं कडं ग्राउंड, बाही मायक्रोफोन. या पद्धतीला सीटीआयए या अमेरिकी संघटनेचं नाव चिकटलं.

हे भांडण लगेच का मिटलं नाही? मला जे कारण दिसतं ते असं. तीन भागांचा साधा हेडफोन दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये चालत होता. त्याची लांब बाही आतल्या दोन्ही संपर्कांना एकदम टेकते. मायक्रोफोन ग्राउंडला जोडला जातो आणि फोन समजतो की या हेडफोनला माइक नाही. गाणी मात्र व्यवस्थित वाजतात. ज्याचं बहुतेक काम भागतं ती विसंगती दीर्घकाळ टिकते. संशोधनात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि मोजमापाची एककं यांच्याबाबतीत हेच होतं, तुम्हाला पुढे अनुभव येईलच.

गाण्यातला गायक कुठे गेला?

चुकीच्या गटाचा हेडसेट लावल्यावर काय होतं, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकलंही असेल. तबला, गिटार, व्हायोलिन ऐकू येतं, पण गायक पोकळ होतो किंवा पार गायब. लोक म्हणायचे "हेडफोन खराब आहे". पण माइकचं बटण दाबून धरलं की गायक परत येतो! बटण सोडलं की पुन्हा गायब.

यामागचं भौतिकशास्त्र बारावीच्या पलीकडचं नाही. ओएमटीपी हेडसेट सीटीआयए फोनमध्ये घातला की दोन्ही कानांची सामाईक परतीची वाट ग्राउंडला न जाता फोनच्या मायक्रोफोनच्या संपर्काला लागते. ग्राउंडपर्यंत जायला मध्ये हेडसेटचा मायक्रोफोन, म्हणजे साधारण हजार ओहमच्या वरचा रोध. कानातल्या स्पीकरचा रोध १६ किंवा ३२ ओहम. एवढ्या मोठ्या अडथळ्यातून विद्युतप्रवाह जवळजवळ जातच नाही. तो डाव्या स्पीकरमधून निघून उजव्यातून परततो. म्हणजे दोन्ही कानांना डाव्या आणि उजव्या सिग्नलमधला फक्त फरक मिळतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच मिसळलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. माइकचं बटण दाबलं की माइकची दोन टोकं शॉर्ट होतात, सामाईक तार थेट ग्राउंडला लागते, गायक परत.

मला हे उदाहरण फार आवडतं. "खराब" म्हणून फेकून दिलेला हेडफोन खरं तर एक वजाबाकी अचूक करून दाखवत होता.

पुढे दोन्ही तटांचे हेडसेट ओळखून ग्राउंड आणि माइक यांची आपोआप अदलाबदल करणाऱ्या चिप बाजारात आल्या. हळूहळू बहुतेक अँड्रॉइड कंपन्याही सीटीआयए पद्धतीकडे वळल्या. भांडण मिटलं, पण जुन्या आकृत्या इंटरनेटवर तशाच राहिल्या. तारीख न पाहता आकृती उतरवून घेणं किती महागात पडतं, हे त्यामुळे तुमच्या लक्षात येईल.

माझी चूक कुठे होती

माझ्या प्लगवर ग्राउंड आणि माइक योग्य जागी होते. चूक त्याच्याही मागे होती. तिचं मूळ १९६२ मध्ये आहे.

त्या वर्षी बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ फॉइलचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. तो स्वस्त आणि लहान निघाला. अशा मायक्रोफोनच्या डबीत एक ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला चालायला थोडा डीसी विद्युतदाब लागतो. म्हणून फोन माइकच्या संपर्कावर स्वतःहून साधारण दोन व्होल्टचा दाब देतो, बहुधा २.२ किलोओहमच्या रोधातून. आवाज ज्या तारेने आत येतो, त्याच तारेने वीज बाहेर जाते.

आता फोनला कळतं कसं की बाहेर माइक लावला आहे? तो त्या तारेवरचा डीसी रोध बघतो. अँड्रॉइडच्या हेडसेटसाठीच्या नियमावलीत माइकचा रोध किमान १,००० ओहम हवा असं दिलेलं आहे. त्याहून कमी रोध म्हणजे बटण दाबलं असं समजायचं: ७० ओहमच्या आत असेल तर प्ले-पॉज, २१० ते २९० म्हणजे आवाज वाढवा, ३६० ते ६८० म्हणजे आवाज कमी करा. गायनाचा साधा डायनॅमिक माइक थेट जोडला आणि त्याचा रोध यातल्या एखाद्या पट्ट्यात बसला, तर फोन तुमचा माइक दाबलेलं बटण आहे असंच समजेल.

मी काय केलं होतं? प्रीअँपमधून येणारा सिग्नल सुमारे ०.३ व्होल्टचा, फोनच्या माइकला हवेत काही मिलिव्होल्ट. म्हणून १० किलोओहम आणि १०० ओहम लावून सिग्नल शंभर पट कमी केला. हे बरोबर. फोनचा डीसी दाब प्रीअँपमध्ये घुसू नये म्हणून मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, धन टोक फोनकडे. हेही बरोबर. पण कपॅसिटर डीसी अडवतो! फोनने रोध तपासला तेव्हा त्याला अनंत रोध दिसला, म्हणजे माइकच नाही. मग त्याने स्वतःचा माइक चालू ठेवला.

उपाय किती रुपयांचा होता माहितीये? दोनेक रुपयांचा. माइकचा संपर्क आणि ग्राउंड यांच्यामध्ये, कपॅसिटरच्या फोनकडच्या बाजूला, २.२ किलोओहमचा एक रेझिस्टर. फोनला तो इलेक्ट्रेट माइकच्या जागी दिसतो, आणि फोन बाहेरच्या आवाजाकडे वळतो. पुढच्या पावसाळ्यात माझं सगळं काम त्या एका रेझिस्टरवर चाललं.

म्हणजे माझं सर्किट आवाजाच्या दृष्टीने निर्दोष होतं. फक्त ते भोक "आवाज आत घ्यायची जागा" नव्हतंच. ते "इलेक्ट्रेट माइक असलेला हेडसेट ओळखायची जागा" होतं. गाइडच्या प्रश्नाचा अर्थ मला इथे कळला.

ज्यांनी हे आधी ओळखलं

हेच तपशील माहीत असलेल्या लोकांनी काय केलं, तेही बघा. २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या स्क्वेअर कंपनीने क्रेडिट कार्डाची चुंबकीय पट्टी वाचणारं छोटं यंत्र याच भोकात लावलं. पट्टीवरचे चुंबकीय बदल म्हणजे फोनच्या दृष्टीने माइकमधून येणारा "आवाज".

२०१० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'हायजॅक' नावाचा प्रकल्प केला. त्यांनी फोनच्या एका कानातून २२ किलोहर्ट्झचा सूर वाजवला आणि त्या सुरातून वीज काढून घेतली. सुमारे ७.४ मिलिवॅट, तीही ४७ टक्के कार्यक्षमतेने. एवढ्या विजेवर छोटा मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सर चालतो. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख किंवा मातीतला ओलावा मोजून तो आकडा माइकच्या तारेने परत फोनमध्ये पाठवायचा. भोक तेच. मी त्याच्यापुढे हरले, त्यांनी त्यातून प्रयोगशाळा उभी केली. फरक एवढाच की त्यांनी ते भोक काय काय करतं याची यादी आधी केली होती.

भोक गेलं, प्रश्न राहिला

सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ आला आणि त्यात हे भोक नव्हतं. काही कंपन्यांनी त्याच्या आधीच ते काढलं होतं, आणि नंतर बाकीच्याही त्या वाटेने गेल्या. मग हा इतिहास आता जुना झाला का? नाही. यूएसबी-सीच्या मानकात साधा अ‍ॅनालॉग आवाज नेण्याची एक सोय दिली गेली. त्यात माइक आणि ग्राउंड ज्या दोन पिनांवर येतात, त्या प्लग उलटा घातला की आपसात बदलतात. फोनने ओळखायचं कोण माइक आणि कोण ग्राउंड. ओळखीचं वाटतंय ना हे भांडण? शिवाय यूएसबी-सी ते साडेतीन मिलिमीटरचे अ‍ॅडॉप्टर दोन प्रकारचे मिळतात. काहींच्या आत चिप असते, काहींत फक्त तारा असतात. बाहेरून दोन्ही सारखेच. फक्त तारांचा अ‍ॅडॉप्टर ज्या फोनमध्ये ही सोय नाही त्यात मुका राहतो.

तुम्ही काय करायचं

फोन असो, पीएच मीटर असो की लाखोंचं यंत्र, डेटा घेण्याआधी मी आता एवढं करते.

एक, हे इनपुट मुळात कशासाठी बनवलं ते शोधते. यंत्र त्या जागी काय येईल असं गृहीत धरतं, आणि ते नाही आलं तर काय करतं? गप्प बसतं, की दुसरंच काही वापरतं?

दोन, आकृतीवरची तारीख बघते. तारीख नसेल तर तार कुठे जाते हे स्वतः मोजते.

तीन, यंत्र मधल्या मध्ये काय बदलतं ते विचारते. फोन बोलण्यासाठी बनलेला असतो, म्हणून कित्येक फोन आवाज आपोआप कमीजास्त करतात आणि गोंगाट गाळतात. बेडूक किती मोठ्याने ओरडला हे मोजायचं असेल तर असा डेटा चालणार नाही. अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅपला प्रक्रिया न केलेला आवाज मागण्याची सोय आहे, पण तुमचा फोन ती देतो का हे तपासावं लागतं.

चार, नखाची चाचणी. रेकॉर्डिंग सुरू करून आधी बाहेरच्या माइकवर नखाने हलकेच खरवडायचं, मग फोनच्या अंगावर. लगेच ऐकायचं. कुठलं खरवडणं मोठं आलं? दहा सेकंदांचं काम. अकरा रात्रींपैकी पहिल्याच रात्री मी हे केलं असतं, तर दहा रात्री वाचल्या असत्या.

त्या वर्षीच्या फाइल्स मी पुसल्या नाहीत. लॅबमध्ये नवीन मुलं आली की त्यातली एक ऐकवते आणि विचारते, "यात काय चुकलंय?" बहुतेक जण म्हणतात, "बेडूक तर छान येतायत." मग मी त्यांना डब्याच्या झाकणावरचे थेंब ऐकायला लावते.